उठून जाण्याची मुभा

१९६१ सालच्या जून महिन्यात, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कनेटिकट राज्यात, येल विद्यापीठामुळे जगाला ठाऊक झालेल्या न्यू हेवन शहरी, तेथील दैनिकात एक जाहिरात झळकली. स्मरणशक्ती आणि अध्ययन यांविषयीच्या शास्त्रीय अभ्यासासाठी पाचशे पुरुष हवे आहेत. शिक्षणाची अथवा अनुभवाची अट नाही. कारखान्यातील मजूर, नगरपालिकेचे नोकर, कारकून, न्हावी, दुकानदार, फिरते विक्रेते, कोणीही चालेल, शाळा-कॉलेजातील विद्यार्थी मात्र नकोत. तासाभराच्या कामाचे चार डॉलर आणि वर गाडीभाड्याचे पन्नास सेंट मिळतील, असा तिचा आशय होता. जाहिरात वाचून जे आले, आणि तेवढ्याने माणसे पुरेनात म्हणून टपालाने पत्रे धाडून ज्यांना बोलावण्यात आले, त्यांपैकी एकालाही आपण कोणत्या परीक्षेला बसणार आहोत याची कल्पना नव्हती. स्मरणशक्ती हे केवळ निमित्त होते. ज्याच्याशी आपले काडीचेही वैर नाही अशा माणसाला, अधिकाराच्या जागी असलेल्या कोणी सांगितले एवढ्याच कारणाने, सामान्य गृहस्थ कोठवर यातना देत जातो, हे तेथे पाहावयाचे होते.

हा प्रश्न मांडणारे स्टॅनली मिलग्रॅम प्रयोगाच्या आरंभी जेमतेम अठ्ठावीस वर्षांचे होते. पूर्व युरोपातून येऊन न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स विभागात स्थायिक झालेल्या ज्यू आईबापांच्या पोटी १९३३ साली, म्हणजे हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, त्यांचा जन्म झाला होता. हार्वर्ड विद्यापीठात गॉर्डन ऑलपोर्ट यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती, आणि चारचौघे चुकीचे बोलू लागले की डोळ्यांना ढळढळीत दिसणाऱ्या रेघेची लांबीसुद्धा माणूस कशी नाकारतो हे दाखवणाऱ्या सॉलोमन ॲश यांच्या हाताखाली काही काळ उमेदवारीही केली होती. जाहिरात निघाली त्या वेळी जेरुसलेम येथील न्यायालयात आडॉल्फ आइखमनवर खटला चालू होता, आणि लक्षावधी ज्यूंना मृत्यूच्या छावण्यांकडे रवाना करण्याचा बंदोबस्त ठेवणारा तो अधिकारी, आपण केवळ वरिष्ठांचे हुकूम बजावले, अशी कैफियत देत होता. ही कैफियत एका राष्ट्राच्या विकृतीची खूण आहे की मनुष्यमात्राच्या स्वभावाची, याचा निवाडा मिलग्रॅम यांना न्यायालयात नव्हे तर प्रयोगशाळेत करावयाचा होता.

प्रयोगशाळेत पाऊल टाकताच बाहेरून आलेल्या गृहस्थाला दोन माणसे भेटत. एक करड्या रंगाचा झगा घातलेला, कोरड्या चेहऱ्याचा प्रयोगकर्ता. दुसरा आपल्यासारखाच जाहिरात वाचून आलेला वाटावा असा सत्तेचाळीस वर्षांचा, गुबगुबीत, मनमिळाऊ हिशेबनीस. वस्तुतः पहिला शाळेत जीवशास्त्र शिकवणारा मास्तर होता, आणि दुसराही मिलग्रॅम यांनीच पढवून ठेवलेला होता. शिक्षक कोण आणि विद्यार्थी कोण हे चिठ्ठ्या टाकून ठरे. मात्र दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘शिक्षक’ हाच शब्द लिहिलेला असल्यामुळे बाहेरून आलेल्याच्या वाट्याला शिक्षकपणच येई. हिशेबनिसाला शेजारच्या खोलीत खुर्चीला पट्ट्यांनी बांधण्यात येई, त्वचेवर फोड येऊ नयेत म्हणून मनगटाला मलम लावून त्यावर विजेचे अग्र बसवण्यात येई, आणि हा सारा सोहळा शिक्षकाच्या डोळ्यांदेखत चाले. शब्दांच्या जोड्या वाचून दाखवायच्या, उत्तर चुकले की विजेचा धक्का द्यायचा, आणि प्रत्येक चुकीगणिक धक्का एकेका पायरीने वाढवायचा, एवढेच त्याचे काम. समोरच्या यंत्रावर ओळीने तीस खटके होते. पहिल्यावर १५ व्होल्ट, पुढे पंधरापंधराने चढत शेवटच्यावर ४५०. खाली ‘सौम्य धक्का’ येथपासून ‘धोका: तीव्र धक्का’ येथपर्यंत शब्द लिहिलेले होते, आणि अखेरच्या दोन खटक्यांखाली शब्दही संपून नुसत्या तीन फुल्या उरल्या होत्या. त्या साऱ्या यंत्रात खरा धक्का काय तो एकच होता: विश्वास बसावा म्हणून आरंभी शिक्षकाच्याच मनगटाला देण्यात येणारा, ४५ व्होल्टांचा.

१९६३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निबंधात अशा चाळीस जणांची हकिकत आहे. ३०० व्होल्टांना पलीकडचा माणूस भिंत बडवू लागे, आणि लवकरच तिकडून उत्तरे येणे बंद पडे. शिक्षक थबकला, वळून पाहू लागला, पुरे झाले म्हणाला, की झगेवाला प्रयोगकर्ता ठरलेल्या चार वाक्यांपैकी एकेक क्रमाने उच्चारी: आपण पुढे चालू ठेवावे, प्रयोगासाठी पुढे जाणे जरूर आहे, पुढे जाणे अत्यावश्यक आहे, आणि अखेरीस, आपल्याला दुसरा पर्यायच नाही, पुढे जाणे भागच आहे. प्रयोगापूर्वी येलच्या मानसशास्त्राच्या चौदा विद्यार्थ्यांना अंदाज विचारला असता, शेवटच्या खटक्यापर्यंत शंभरात फार तर तिघे जातील, यापलीकडे कोणाची मजल गेली नव्हती. प्रत्यक्षात चाळिसांपैकी सव्वीस जण तेथवर गेले. ते मजेने गेले नाहीत. त्यांना घाम फुटत होता, हातपाय कापत होते, बोबडी वळत होती, नखे स्वतःच्याच तळहातात रुतत होती; चौदा जणांना अनावर, विसंगत हसू फुटले, आणि तिघांचे ते हसू आचक्यांच्या झटक्यापर्यंत गेले. हे सारे मिलग्रॅम यांनीच नोंदवले आहे, आणि मनाने स्वस्थ असलेला एक प्रौढ व्यावसायिक वीस मिनिटांत कसा कोलमडून गेला याचे वर्णन त्यांच्याच निबंधात जितक्या बारकाईने आले आहे तितक्या बारकाईने ते त्यांच्या एकाही विरोधकाला करता आले नाही.

इतिहासाची विपरीत गती अशी, की नाझींच्या आज्ञाधारकपणाचे कोडे सोडवण्यास निघालेल्या या प्रयोगाने, नाझींच्याच अपराधांतून जन्मलेल्या एका नियमाला सहज बगल दिली होती. न्यूरेंबर्ग येथे छावण्यांतील कैद्यांवर प्रयोग करणाऱ्या डॉक्टरांवर चाललेल्या खटल्याचा निकाल ऑगस्ट १९४७ मध्ये लागला, आणि त्या निकालपत्रात न्यायाधीशांनी मनुष्यावरील प्रयोगांसाठी दहा कलमे घालून दिली. पहिले कलम स्वेच्छेने दिलेल्या संमतीचे. नववे असे, की पुढे जाणे अशक्य वाटेल अशा शारीरिक वा मानसिक अवस्थेला पोचलेल्या माणसाला प्रयोग तेथेच संपवण्याची मुभा असली पाहिजे. मिलग्रॅम यांच्या प्रयोगकर्त्याचे चौथे वाक्य आणि न्यूरेंबर्गचे नववे कलम ही शेजारी शेजारी ठेवली, तर एक दुसऱ्याचा उघड इन्कार आहे हे ध्यानात येण्यास कायदेपंडिताची गरज नाही. परंतु ती कलमे रानटी राज्यासाठी आहेत, सुसंस्कृत विद्यापीठांसाठी नव्हेत, अशी त्या काळच्या संशोधकवर्गाची निश्चिंत समजूत होती.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञांपाशी स्वतःची आचारसंहिता नव्हती असे नाही. निकोलस हॉब्ज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ती मोठ्या अभिनव रीतीने तयार केली होती: वरून तत्त्वे लादण्याऐवजी मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या साडेसात हजार सभासदांना पत्रे लिहून, नैतिक पेच पडलेला एखादा प्रत्यक्ष प्रसंग कळवावा, अशी विनंती करण्यात आली, हजारावर प्रसंग गोळा झाले, आणि त्यांच्या आधारे १९५३ साली ती संहिता छापून निघाली. प्रश्न महत्त्वाचा असेल आणि दुसऱ्या कोणत्याही मार्गाने त्याचा शोध घेता येत नसेल, तरच सहभागी माणसाला मानसिक ताणात लोटावे, असे तीत सांगितले होते. पण प्रश्न महत्त्वाचा की नाही, आणि दुसरा मार्ग आहे की नाही, हे ठरवायचे कोणी? ज्याला प्रयोग करावयाचा त्यानेच. आपल्याच खटल्यात आपणच न्यायाधीश होण्याची ही व्यवस्था होती, आणि तिच्या छायेत फसवणूक हा सामाजिक मानसशास्त्राचा रोजचा शिरस्ता होऊन बसला. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या एका लष्करी अभ्यासात तर नव्या शिपायांना विमानात बसवून, यंत्र बिघडले आहे, विमान कोसळण्याच्या बेतात आहे, अशी बतावणी करण्यात आली होती, आणि तशा स्थितीत त्यांच्याकडून कागद भरून घेण्यात आले होते.

मिलग्रॅम यांच्याविरुद्ध कुजबुज निबंध छापण्याआधीच सुरू झाली होती. १९६२ साली त्यांचा मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या सभासदत्वाचा अर्ज चौकशीसाठी वर्षभर तहकूब ठेवण्यात आला. उघड आणि सविस्तर हरकत मात्र घेतली ती कॅलिफोर्नियातील बर्कली येथे बालविकासाचे संशोधन करणाऱ्या डायाना बॉमरिंड यांनी, १९६४ सालच्या जूनमध्ये, संघटनेच्याच मुखपत्रातून. त्यांचा मुद्दा भावनेचा नव्हता, रीतीचा होता. प्रयोगशाळा ही जागाच अशी, की तेथे आलेला माणूस परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा यजमानाच्या मर्जीवर विसंबून असतो. त्याने तेथे दाखवलेला आज्ञाधारकपणा हा त्या जागेवरच्या विश्वासाचा भाग असतो. त्या विश्वासाचाच उपयोग करून त्याला स्वतःच्या नजरेतून उतरवणे, आणि मग चार शब्दांत समजूत घालून घरी पाठवणे, हे त्याच्या प्रतिष्ठेला धरून नाही. आणि पुढे तो कोणत्याही अधिकाऱ्यावर विश्वास ठेवू शकेल की नाही याची जबाबदारी कोण घेणार, असा त्यांचा सवाल होता.

मिलग्रॅम यांनी त्याच वर्षी उत्तर दिले, आणि ते दुबळे नव्हते. इतके लोक शेवटपर्यंत जातील याची कोणालाही अटकळ नव्हती, तेव्हा जाणूनबुजून क्लेश देण्याचा आरोप टिकत नाही. प्रयोगानंतर प्रत्येकाची हिशेबनिसाशी भेट घडवून, तो सुखरूप असल्याचे दाखवून, दिलजमाई केली जात होती. नंतर पाठवलेल्या प्रश्नावलीत ८४ टक्के लोकांनी सहभागाबद्दल आनंद व्यक्त केला, खंत वाटली ती केवळ १.३ टक्के लोकांना. एका मानसोपचारतज्ज्ञाने वर्षभराने चाळीस जणांना भेटून कोणालाही इजा झाली नसल्याचा निर्वाळा दिला. सारेच जर पहिल्या दोनचार खटक्यांनंतर उठून गेले असते, तर या पद्धतीवर कोणी आक्षेप घेतला असता काय, अशी मार्मिक पृच्छाही त्यांनी केली. पुढे अनेक वर्षांनी जिना पेरी या ऑस्ट्रेलियन लेखिकेने येलच्या दप्तरातील कागद चाळले तेव्हा मात्र असे उघडकीस आले, की अनेकांना त्या दिवशी पुरता खुलासा मिळालाच नव्हता. धक्के वाटले तितके तीव्र नव्हते, एवढेच ऐकून ते घरी गेले होते, आणि सत्य त्यांना कित्येक महिन्यांनी टपालाने आलेल्या अहवालातून कळले.

परंतु मिलग्रॅम यांच्या समर्थनात सर्वांत वजनदार वाटणारे विधान दुसरेच होते: आलेला माणूस स्वतंत्र होता, आज्ञा मानायची की झिडकारायची हे त्याच्या हाती होते. दार बंद नव्हते. मोबदला केवळ येण्याबद्दलचा आहे, पुढे काहीही घडो, पैसे तुमचेच, असे त्याला पहिल्याच मिनिटाला सांगण्यात आले होते. हे अक्षरशः खरे आहे. आणि तरीही हे समर्थन ज्या क्षणी उच्चारले जाते त्याच क्षणी ते मिलग्रॅम यांच्याच शोधाशी येऊन आदळते. कारण दार उघडे असूनही, गमावण्यासारखे काही नसूनही, झगा घातलेल्या एका माणसाच्या चार सौम्य वाक्यांपुढे माणसाचे पाय उचलत नाहीत, हेच तर त्यांनी जगाला दाखवून दिले होते. सव्वीस जणांना उठता आले नाही, हा त्यांचा सिद्धांत. त्यांना उठण्याची मोकळीक होती, हा त्यांचा बचाव. पहिला मान्य केला की दुसऱ्याला अर्थ उरत नाही.

या गाठीचा एक धागा त्यांच्याच प्रयोगमालिकेत पडून होता, पण नीतीच्या वादात त्याचा हवाला फारसा कोणी दिला नाही. मिलग्रॅम यांनी मूळ रचनेत निरनिराळे बदल करून पाहिले. प्रयोगकर्ता खोलीतून निघून जाऊन फोनवरून हुकूम सोडू लागला, तेव्हा शेवटपर्यंत जाणाऱ्यांचे प्रमाण पाचव्या हिश्शाच्या आसपास उतरले. आणखी एका फेरीत खऱ्या सहभागीच्या शेजारी दोन पढवलेले ‘शिक्षक’ बसवले होते. ते ठरल्याप्रमाणे मध्येच नकार देऊन उठले, आणि त्यांच्यामागोमाग चाळिसांपैकी छत्तीस जणांनी अखेरचा खटका दाबण्यापूर्वीच हात आवरला. उठून जाण्याचे बळ माणसाला आतून फारसे येत नाही. शेजारी कोणी उभे राहिले की ते येते.

हाच धडा दहा वर्षांनी देशाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा गिरवला गेला. १९७१ सालच्या ऑगस्टमध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाच्या तळघरात फिलिप झिंबार्डो यांनी लुटुपुटूचा तुरुंग उभारला. हे झिंबार्डो ब्रॉन्क्समधील शाळेत मिलग्रॅम यांच्याच वर्गात होते, असा योगायोग. दररोज पंधरा डॉलर मोबदल्यावर चोवीस तरुण निवडले, त्यांची कैदी आणि पहारेकरी अशी वाटणी केली, आणि मुदत दोन आठवड्यांची ठरवली. येथे विद्यापीठाच्या समितीची मंजुरी होती, सह्या केलेले संमतिपत्रही होते. तथापि दुसऱ्याच दिवशी येथून कोणालाही जाता येत नाही अशी वदंता कैद्यांत पसरली, आणि तिची शहानिशा करण्याचे कोणाच्या मनात आले नाही. पुढे पॅरोल मंडळाचे नाटक झाले. आजवर मिळवलेल्या पैशांवर पाणी सोडावे लागले तर घरी जाल काय, असे विचारताच बहुतेक कैद्यांनी होकार दिला. वास्तविक ज्याने पैशांवर हक्क सोडला त्याला तेथे थांबण्याचे कारणच उरले नव्हते. सरळ उठावे आणि चालू लागावे. मंडळाने सांगितले, विचार करतो, कोठडीत परत जा. आणि ते निमूटपणे हात पुढे करून, बेड्या घालून घेऊन, कोठडीत परत गेले.

पाचव्या रात्री क्रिस्टिना मास्लाक या तरुण मानसशास्त्रज्ञ तेथे आल्या. डोक्यावरून कागदी पिशव्या ओढलेले, एकमेकांना साखळीने जोडलेले तरुण शौचकूपाकडे नेले जात असलेले पाहून त्यांनी झिंबार्डो यांना, या मुलांना तुम्ही हे काय करीत आहात, असे खडसावले. झिंबार्डो यांच्याच सांगण्याप्रमाणे तोवर पन्नासेक बाहेरच्या लोकांनी तो तुरुंग पाहिला होता, त्यांत कैद्यांचे आईबाप होते, एक धर्मगुरूही होता. हरकत घेणारी ही पहिलीच व्यक्ती. दुसऱ्या दिवशी, म्हणजे सहाव्या दिवशी, प्रयोग गुंडाळण्यात आला.

या सुमारास वातावरण पालटत चालले होते. नाझींपासून जीव वाचवून व्हिएन्नातून निसटलेल्या कुटुंबातील हर्बर्ट केलमन यांनी १९६७ साली, सामाजिक मानसशास्त्रातील फसवणुकीच्या सवयीवर जिव्हारी लागेल असा लेख लिहिला होता. संघटनेने स्टुअर्ट कुक यांच्या अध्यक्षतेखाली नवी समिती नेमली. तिने पुन्हा सभासदांकडूनच हजारो प्रत्यक्ष प्रसंग मागवले, मसुदे फिरवले, आणि १९७३ साली मनुष्यावरील संशोधनासाठी दहा तत्त्वे प्रसिद्ध केली. संमतीपूर्वी आवश्यक ती माहिती द्यावी. लपवाछपवी अपरिहार्य झाल्यास तिचे कारण सहभागीला समजावून सांगावे. प्रयोगानंतर गैरसमज दूर करावेत. मिळालेली माहिती गोपनीय ठेवावी, अशी ती तत्त्वे होत. त्यांतील पाचवे न्यू हेवनच्या चौथ्या वाक्याला दिलेला जणू मुद्देसूद जबाब आहे: सहभाग नाकारण्याचे अथवा केव्हाही सोडून देण्याचे स्वातंत्र्य संशोधकाने मानले पाहिजे, आणि संशोधकाची सत्ता सहभागीवर चालत असेल तेथे हे स्वातंत्र्य राखण्याची विशेष खबरदारी त्यानेच घेतली पाहिजे.

याला कायद्याचे बळ मिळाले ते एका वेगळ्याच पापाचे बिंग फुटल्यामुळे. अलाबामातील टस्कीगी येथे ३९९ कृष्णवर्णीय उपदंशग्रस्तांना, आजाराचे खरे स्वरूप न सांगता आणि पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही उपचार न देता, सरकारी आरोग्यखात्याने १९३२ पासून चाळीस वर्षे नुसते निरीक्षणाखाली ठेवले होते. जुलै १९७२ मध्ये हे वृत्तपत्रांत आले आणि देश हादरला. जुलै १९७४ मध्ये राष्ट्रीय संशोधन कायदा मंजूर झाला. त्यान्वये नेमलेल्या अकरा जणांच्या आयोगाने मेरीलँडमधील बेलमाँट हाउस येथील बैठकीत ज्याची बांधणी केली, तो अहवाल एप्रिल १९७९ मध्ये सरकारी राजपत्रात आला. व्यक्तीचा आदर, हिताची जपणूक आणि न्याय, ही त्याची तीन तत्त्वे. आणि तत्त्वांहूनही व्यवहारात मोठा ठरलेला बदल हा, की मनुष्यावरील संशोधनाचा प्रस्ताव आता संशोधकाबाहेरच्या समितीपुढे ठेवून तिची मंजुरी घेणे सरकारी अनुदानासाठी सक्तीचे झाले.

आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९८० साली या विषयावरचे पहिले धोरणपत्र काढले. मुंबईच्या ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकाराने २००० साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनाची नीतिसूत्रे सिद्ध झाली. आणि परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत सामाजिक व वर्तनविषयक संशोधनाला स्वतंत्र प्रकरण मिळाले. आज आपल्या विद्यापीठांतूनही मानसशास्त्राचा विद्यार्थी जे संमतिपत्र पुढे करतो त्यावर, आपण कोणत्याही क्षणी, कारण न देता, सहभाग थांबवू शकता, असे वाक्य छापलेले असते, आणि सही घेतली की आपले कर्तव्य संपले असे त्याला वाटण्याचा संभव असतो.

तसे वाटू नये यासाठी एक अखेरचा दाखला पुरेसा आहे. कॅलिफोर्नियातील सांता क्लारा विद्यापीठाचे जेरी बर्गर यांनी मिलग्रॅम यांचा प्रयोग नव्या नियमांच्या चौकटीत पुन्हा केला आणि २००९ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मनाने नाजूक वाटणाऱ्यांना त्यांनी आधीच गाळले. प्रयोग १५० व्होल्टांपाशी आपण होऊन थांबवण्याचे ठरवले. कोणाची अवस्था बिघडते आहे असे दिसताच प्रयोग बंद पाडण्याचा अधिकार असलेला चिकित्सक त्यांनी देखरेखीस बसवला. आणि केव्हाही उठून जाता येईल, पन्नास डॉलर तरीही तुमचेच, हे प्रत्येकाला निदान तीनदा बजावले, दोनदा लेखी आणि एकदा तोंडी. एवढे करूनही १५० व्होल्टांच्या पुढे जाण्यास चाळिसांपैकी अठ्ठावीस जण सिद्ध झाले.

म्हणजे उठून जाण्याची मुभा कागदावर असणे आणि ती माणसाच्या पायांत असणे, यांतील अंतर अर्धशतकातील साऱ्या नियमांनीही फारसे बुजवलेले नाही. बर्गर यांच्या खोलीत कोणाची हानी टळली असेल तर ती तीनदा दिलेल्या ग्वाहीने टळली असे म्हणता येत नाही. ती टळली १५० व्होल्टांपाशी आधीच आखून ठेवलेल्या मर्यादेमुळे, आणि प्रयोगात ज्याचा काहीही स्वार्थ नव्हता अशा तिसऱ्या माणसाच्या हाती प्रयोग थांबवण्याची मुखत्यारी दिल्यामुळे. समित्यांचा काच संशोधकांना जाचतो, अर्ज महिनोन् महिने पडून राहतात, क्षुल्लक शब्दांवरून कागद परत येतात, ही तक्रार खोटी नाही. परंतु समिती का हवी, याचे आजवरचे सर्वांत सबळ प्रमाण कोणा नीतिशास्त्रज्ञाने दिलेले नाही. ते न्यू हेवनच्या त्या चाळीस गृहस्थांनी, स्टॅनली मिलग्रॅम यांच्या समक्ष आणि त्यांच्या इच्छेविरुद्ध, त्यांच्याच नोंदवहीत लिहून ठेवले आहे.